आज अंशतः ढगाळ

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतले गायकवाडकाका वाद्य पाठीमागून वाजवतात. वीजखात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात. काकांनी बंद पडलेल्या एका स्टुडिओतून जुना ॲनालॉग सिंथेसायझर उचलून आणला आणि त्याच्या पट्ट्यांना कधी बोटही लावलं नाही.

"पट्ट्या काय, कुणीही दाबेल," ते म्हणत. "खरी अक्कल मागच्या भोकांत आहे. तिथे बाहेरून व्होल्टेज द्यायचं. एक व्होल्ट वाढवा, सूर बरोबर एक सप्तक चढतो. नियम म्हणजे नियम!"

मग त्यांनी खिडकीत उजेड मोजणारा सेन्सर लावून त्याची वायर त्या भोकात खुपसली. ढग आला की सूर खाली उतरायचा. समोरच्या गायनशिक्षिका जोगबाईंनी एकदा विचारलं, "अहो, हा राग कुठला म्हणायचा?"

"आज अंशतः ढगाळ," काका म्हणाले.

गेल्या महिन्यात मात्र आवाज बदलला. सकाळ-संध्याकाळ कुणीतरी कण्हावं, मधेच किंचाळावं तसा. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मला पाठवण्यात आलं.

"तक्रार लेखी आहे?" काकांनी दारातच विचारलं.

"आहे."

"मग आत या. तोंडी तक्रारी आम्ही ऐकत नाही."

आत काकू खुर्चीत बसल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच कुणी फिरकत नव्हतं. मीही नाही.

त्यांच्या डाव्या हाताखाली एक मऊ गादी होती आणि तिची वायर थेट सिंथेसायझरच्या पाठीत गेली होती.

"जेवढा दाब, तेवढं व्होल्टेज," काका म्हणाले. "खालचा सूर म्हणजे हो, वरचा म्हणजे नाही. मधलं सगळं मी अजून शिकतोय."

मी चाचरत विचारलं, "काकू, कशा आहात?"

एक खोल सूर उमटला, थरथरला, हळूहळू चढत गेला आणि थांबला. काका जमिनीकडे बघत राहिले.

"काय म्हणाल्या?"

"तुम्हाला नाही. मला म्हणाली."

तेवढ्यात यंत्र असं किंचाळलं की मी दचकलोच. काका लगबगीने उठले.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"रागावली. तुम्ही येऊन दहा मिनिटं झाली, आणि मी चहा विचारला नाही."

काकूंचा अर्धा चेहरा हसला.

काका स्वयंपाकघरात गेले. ते दिसेनासे झाल्यावर काकूंनी एक बारीक सूर धरला आणि सोडलाच नाही.

"आहे, आहे," काका आतून म्हणाले. "इथेच आहे मी."