ठमाबाईसाहेबांच्या डाव्या गालावरील खुणेची हकीकत

श्री. पाळण्याची दोरी आणि समुद्राची लाट जी एकाच हाताने हलविते, त्या आदिमायेस आधी दंडवत; मग गणरायास; मग ज्या उंबरठ्यावरून लेकरू बाहेर पडते आणि ज्या उंबरठ्यावरून आत येते, त्या दोन्ही उंबरठ्यांस. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

एक थोर राज्य होते, त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या राज्यात केतकीबाई म्हणोन एक सून, उमर सत्तावीस, आणि तिजला कन्या, जिचे पत्रिकेतील नाव मैत्रेयी. परंतु घरात सर्वांनी ठमाबाईसाहेब म्हणावे, ऐसा खुद्द आजी माईसाहेबांचा हुकूम होता. ठमाबाईसाहेबांची उमर सात महिने, दात दोन, अंमल साऱ्या घरावर. त्यांचे तीर्थरूप श्रीरंगपंत समुद्रात बांध घालण्याच्या विद्येत निपुण. ते कन्या पोटात असतानाच एका धाकट्या बेटराज्याच्या चाकरीस रवाना जाहले, आणि मग कन्या जन्मली, आणि मग बापलेकींची भेट जी काय होई ती रोज सायंकाळी हातातल्या काचेत होई. श्रीरंगपंतांनी काचेतून बोलावे आणि ठमाबाईसाहेबांनी काचेवर थापा माराव्या, आणि काच उलटी करून मागे कोण बसले आहे ते पाहावे, आणि मागे कोणी नाही ऐसे पाहून ओठ काढावा, आणि केतकीबाईंनी तोंड फिरवून स्वयंपाकघरात जावे, हा नित्यक्रम.

मार्गशीर्ष लागता श्रीरंगपंतांचे वर्तमान आले की, पौषी पौर्णिमेपासून आपली रवानगी बेटाबाहेरील एका खडकावर होते, तेथे वर्षभर बांधाचे काम, आणि तेथे कुटुंबकबिल्यास मज्जाव. सबब महिनाअखेरीस येता आले तर चौदा दिवस पदरी पडतील. केतकीबाई म्हणाल्या, वर्षानेच भेटू, तोवर ती चालू लागेल. तेव्हा श्रीरंगपंत काचेतून हळूच म्हणाले, "एकदा चालायला लागली की कडेवर कोण बसतं, केतकी? चालती पुढे कधीही भेटेल. मला कडेवरची पाहायची आहे." मग त्याच सायंकाळी जाण्याची मसलत ठरली.

आता त्या बेटराज्याची रीत ऐकावी. राज्य इतके लहान की न्याहारी करून निघालेला मनुष्य दुपारच्या भातास पलीकडच्या किनाऱ्यावर. परंतु घर लहान तितका उंबरठा उंच. तेथे जाणाऱ्यापाशी आपल्या राज्याचे दस्तक असावे, आणि ते परत येण्याच्या दिवसानंतरही सहा महिने जिवंत असावे. परतीचे तिकीट आधीच काढलेले असावे, म्हणजे पाहुणा जाण्यासाठीच आला आहे ऐसी यजमानाची खातरी. कोणाच्या घरी उतरणार त्याचा कागद असावा. रोगराईच्या टोचण्यांचा दाखला असावा. आणि या सर्वांवर व्हिसा म्हणोन एक परवाना असावा, ज्याचा अर्थ इतकाच की, या, परंतु किती दिवस? आणि हे सारे थोरांस तैसेच तान्ह्यास. दोन दातांच्या बाईसाहेबांस त्यांनी कलमे विचारली की, धंदा काय, यापूर्वी कोणत्या राज्यातून हाकलले आहे काय, आणि आमच्या मुलखात येऊन चाकरी करण्याचा इरादा आहे काय.

हे कागद भरण्याचे काम सासरे दादासाहेबांनी आपणाकडे घेतले. दादासाहेब सरकारकचेरीत छत्तीस वर्षे लेखनावर होते, आणि छत्तीस वर्षांत त्यांच्या कागदावर एक खाडाखोड नाही ऐसी ख्याती, जी मुख्यत्वे ते स्वतःच सांगत. त्यांनी धंद्याच्या रकान्यात 'अज्ञान बालक' लिहिले, तेव्हा माईसाहेब म्हणाल्या, घरात अज्ञान कोण ते साऱ्यांस ठाऊक आहे. दादासाहेबांनी ऐकले नाहीसे केले आणि मान खाली घालून लिहीत राहिले.

पुढे तसबिरीचा प्रसंग. तिजविषयी बेटराज्याचा हुकूम सर्वांत कडक: मागील पट पांढराशुभ्र असावा, दोन्ही कान दिसावे, डोळे उघडे, तोंड मिटलेले, हसू नये, आणि लेकरास धरणाराचा हात, पदर, सावली कांही न दिसावे. ज्यास बसता येत नाही त्याने धरणाराविना कैसे बसावे, याचा खुलासा हुकुमात नव्हता. मग तसबीरवाले फिरोजमियां यांनी युक्ती काढली, आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही खुर्ची व्हा." त्यावरून केतकीबाई डोईपासून पायापर्यंत पांढरी चादर पांघरून बैसल्या, आणि त्या खुर्चीच्या मांडीवर ठमाबाईसाहेब विराजमान जाहल्या. चादरीच्या आत केतकीबाईंस कांही दिसेना. लेकराच्या टाळूचा तेलाचा वास तेवढा कापडातून येई, आणि हातांस तिच्या बरगड्यांचे चिमणीसारखे हलणे कळे, आणि त्यांच्या मनात आले की, हिच्या साऱ्या तसबिरींत मी अशीच असेन, दिसणार नाही आणि सोडणारही नाही.

फिरोजमियांनी मग नजर बारीक करून म्हटले, माई, गालावरची तीट पुसली तर बरे. माईसाहेब नातीस न्हाऊ घालून, काजळाच्या डबीत करंगळी बुडवून, डाव्या गालावर मसुरीएवढा काळा ठिपका लावीत, की लेकराच्या रूपास कोणाची नजर न लागावी. आणि तो लावल्यावाचून लेकरू न्हाणीच्या दाराबाहेर येत नसे. त्यांनी शांतपणे विचारले, ही तसबीर कोण पाहणार? फिरोजमियां म्हणाले, परमुलखातले अंमलदार. माईसाहेब म्हणाल्या, किती? ते म्हणाले, असतील दहाबारा. "दहाबारा परक्या नजरा पडणार, आणि तू म्हणतोस तीट पूस. अरे, मी तर कपाळावर आणखी एक लावणार होते." मग बोलाचाली होऊन, एक ठेवावी, दुसरी लावू नये, ऐसा तह जाहला. ठमाबाईसाहेबांनी चाळीस वेळा हसून चाळीस तसबिरी वाया घालविल्या, एकेचाळिसाव्या वेळी त्यांस जांभई येऊन गेली आणि तोंड मिटले, तेवढ्यात फिरोजमियांनी काम फत्ते केले.

कागद गेले, आणि निघण्यास पाच दिवस उरता व्हिसा आला. केतकीबाई वाचू लागल्या, आणि वाचता वाचता थांबल्या. ओळखीच्या खुणेच्या रकान्यात लिहिले होते की, डाव्या गालावर काळा तीळ, मसुरीएवढा. त्यांनी म्हटले, "मामंजी, हा तीळ कुठला?" दादासाहेब म्हणाले, कुठला म्हणजे, गालावरचा, जन्मापासूनचा. माईसाहेबांनी हातातली फुलांची परडी खाली ठेवली. मग उलगडा जाहला तो ऐसा की, सात महिन्यांत दादासाहेबांनी नातीस तीटीवाचून कधी पाहिलेच नव्हते. माईसाहेब न्हाऊ घालून तीट लावून मगच तिजला त्यांच्या मांडीवर देत, आणि त्यांनी तो ठिपका तीळ समजून रोज सकाळी त्यावर बोट टेकून म्हणावे की, हा आमच्या आईचा तीळ, तिलाही येथेच होता. आणि ऐकणारास वाटावे, म्हातारा कौतुकाने बोलतो. मग माईसाहेबांनी पदर ओला करून लेकराचा गाल पुसला, आणि दादासाहेबांनी त्या कोऱ्या गालाकडे बहुत वेळ पाहिले, आणि चष्मा काढून ठेवला.

दुरुस्तीस चाळीस दिवस लागतात ऐसे वकिलातीकडून कळले. आणि श्रीरंगपंतांपाशी तर चौदाच. दादासाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, कागद एक सांगतो आणि मनुष्य दुसरे दिसतो, ऐशा माणसास दारातून परत लावतात, हे मी छत्तीस वर्षे पाहिले. चूक माझी आणि दार तिच्या तोंडावर लागणार. माईसाहेबांस प्रथम टोमणा सुचला होता, परंतु ताट तसेच राहिलेले पाहून त्यांनी तो गिळला, आणि सुनेस म्हणाल्या, "काही होत नाही. तीट पुसू देऊ नकोस म्हणजे झालं. पोर तीळवाली म्हणूनच जाईल." आणि काजळाची चांदीची डबी सुनेच्या हाती दिली.

मग खाशी स्वारी विमानात बैसून निघाली. केतकीबाईंनी दस्तके, परवाने, टोचण्यांचे दाखले ऐसे सारे पोटाशी बांधले. परंतु निघण्याच्या घाईत डबी ठेवली ती मोठ्या पेटीत, आणि पेटी गेली विमानाच्या पोटात, हे त्यांस आभाळात गेल्यावर आठवले. तोवर गालावर तीट होती. पुढे विमान उतरू लागता ठमाबाईसाहेबांचे कान दुखले, आणि त्यांनी साऱ्या विमानास ऐकू जाईल ऐसा आकांत मांडला, आणि डोळे पुसता, नाक पुसता, आईच्या खांद्यावर गाल घासता घासता तीट नाहीशी जाहली. विमान टेकले तेव्हा लेकराचा गाल धुतल्या तांदळासारखा.

बेटराज्याच्या दरवाज्यात लांब रांग होती. काचेच्या भिंतीत केतकीबाईंस आपले तोंड दिसले, डोळ्यांत सकाळचे काजळ, आणि मनात आले की, माझ्या डोळ्यातले बोटाने घेऊन गालावर टेकवले तर कोणास कळणार आहे? बोट डोळ्यापर्यंत गेलेही. मग दुसरे मन म्हणाले, आणि त्या अंमलदाराने अंगठा फिरवून पाहिला तर? मग चूक दादासाहेबांची राहणार नाही, लबाडी माझी होईल, आणि परतीचे तिकीट तर काढलेलेच आहे. पलीकडे पडद्याच्या फटीतून वाट पाहणारांची गर्दी दिसत होती, आणि तीत श्रीरंगपंत कोठेतरी असतील, आणि त्यांच्यामाझ्यामध्ये आता हा एकच गाल, ऐसे वाटून त्यांनी लेकरू दुसऱ्या कडेवर घेतले. ठमाबाईसाहेब मात्र रडून रडून दमून आता पुढील गृहस्थाच्या टकलाकडे प्रसन्न चित्ताने पाहत होत्या.

चौकीवर अंमलदार बाई होती, केस पिकलेले, मुद्रा करडी. तिने कागद पाहिला, तसबीर पाहिली, लेकरू पाहिले, आणि पुन्हा तसबीर पाहिली. आणि जी भाषा दोघींचीही मायबोली नव्हे तीत, म्हणोन दोघीही जपून बोलत, तिने विचारले, "तीळ कुठे आहे?"

केतकीबाई म्हणाल्या, "तीळ नाही. कधीच नव्हता. माझे सासरे म्हातारे आहेत, त्यांना तो तीळ वाटला." मग त्यांनी सांगितले की, आमच्या राज्यात लेकरू आईला फार गोड दिसू लागले की गालावर एक काळा ठिपका लावून त्यास थोडे कुरूप करून ठेवतात, म्हणजे वाईट नजर तेथेच अडते. बाई म्हणाली, दाखव. तेव्हा केतकीबाईंनी आपल्या डाव्या डोळ्यातले काजळ बोटावर घेतले, आणि साऱ्या दरवाज्यादेखत लेकराच्या गालावर टेकविले. बाईने तसबीर गालाशी धरली. जागा तीच, आकार तोच. मग तिची नजर तसबिरीत खाली गेली, आणि तिने चादरीवर नख टेकविले. तेथे लेकराच्या कुशीशी कापडाखाली पाच उंचवटे दिसत होते.

"ही तुझी बोटं?"

केतकीबाईंस वाटले, आता हाही गुन्हा. त्या म्हणाल्या, "तिला बसता येत नव्हतं."

तेव्हा बाईची मुद्रा सैल पडली, आणि ती म्हणाली, आमच्या बेटावर तान्हे प्रथम घराबाहेर काढताना अंगडे उलटे घालतात, शिवण बाहेर, म्हणजे समुद्रास वाटावे की यात नेण्यासारखे कांही नाही. माझ्या तिघांस मीच घातले होते. ऐसे म्हणोन तिने लेखणी घेतली, 'तीळ' या शब्दावर एक रेघ ओढली, आणि वर लिहिले की, खूण काजळाची, आईने लावलेली. आणि खाली सही केली, आणि शिक्का मारला तो इतका हळू की, आवाजाने लेकरू न दचकावे.

पडद्यापलीकडे श्रीरंगपंत उभे होते. हात पुढे करावे की न करावे ऐसे त्यांस जाहले. ठमाबाईसाहेबांनी त्यांच्या मुखाकडे पाहिले, ओळखीचे होते. आणि गालावर थाप मारली, ती काचेस लागली नाही, मऊ लागली. मग त्यांनी आपल्या शिरस्त्याप्रमाणे मान वाकडी करून त्या मुखाच्या मागे कोण आहे ते पाहिले, आणि मागे कान होता, मान होती, पाठ होती, सारा मनुष्य होता. तेव्हा त्यांनी ओठ काढला नाही. त्या कडेवर गेल्या आणि गालावर गाल टेकून निजल्या.

घरी काचेतून वर्तमान कळविले तेव्हा माईसाहेबांनी डोळ्यांस पदर लावला, आणि दादासाहेबांनी सारे ऐकून इतकेच विचारले, "खोडलं तिथं तिनं सही केली ना?" केली, ऐसे कळता त्यांनी चष्मा चढविला आणि पान वाढण्यास सांगितले.

तात्पर्य, थोर राज्यातून धाकट्या राज्यात जाण्यास दस्तक लागते, परवाना लागतो, परतीचे तिकीट लागते, आणि ते चौदा दिवसांनी वापरावेही लागते. वापरले. परंतु भेटीच्या त्या पहिल्या दिवशी लेकरू जागे होऊन खांद्यावरून उठले तेव्हा त्याच्या गालावर तीट नव्हती. ती श्रीरंगपंतांच्या गालावर होती, मसुरीएवढी, किंचित फिसकटलेली, आणि ती त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत धुतली नाही. इति खुणेची हकीकत समाप्त; वाचणाराच्या घरचे लेकरू सुखी असो, आणि त्याचा गाल कोरा नसो.