रेवणशेठांची अकरा जणांची फळी

मंडळी, आधी एक सांगा. माणसानं भरवसा ठेवावा कुणावर? समोर धावून जाणाऱ्यावर, की पाठीमागे गप्प बसणाऱ्यावर? बार्शीच्या रेवणशेठ शेट्यांनी धावणाऱ्यांवर ठेवला आणि आपल्या भांड्यांच्या दुकानात अमेरिकन फुटबॉलची बचावफळी कामाला लावली. अकरा माणसं, शिरस्त्राणांसकट.

काम सरळ होतं. गिऱ्हाईक घासाघीस करायला तोंड उघडतं, त्याच्या आत त्याला आडवं करायचं.

फळीचा कप्तान वेंडेल हा शांत गृहस्थ. पहिल्याच दिवशी चहा घेता घेता त्यानं सगळं समजावून सांगितलं. "शेठ, आमचा डाव एकच. समोरचा चेंडू फेकायला हात मागे नेतो, तेवढ्यात त्याला गाठायचं. विचाराला उसंत द्यायची नाही. पण यात एक खोट आहे. सगळे पुढे धावले की मागे कुणी उरत नाही."

"मागं आहे काय? गोदाम," रेवणशेठ म्हणाले. "आणि गोदामाच्या दारात आमचा सोमा."

सोमा म्हणजे सोमलिंग, शेठांचा धाकटा भाऊ. त्याचं काम बाहेरच्याला दिसत नसे. दुकानदारीतली जुनी रीत आहे ही. थोरला किमतीवर अडून बसतो. गिऱ्हाईक चपला शोधू लागलं की मागून धाकट्याचा आवाज येतो, "देऊन टाका, दादा. घरचंच माणूस आहे." थोरला कपाळाला हात लावतो आणि गिऱ्हाईक जिंकल्याच्या आनंदात पातेल्याबरोबर झाकणही घेऊन जातं. वडील गेल्यापासून दुकान त्या एका वाक्यावर चाललं होतं. रेवणशेठना मात्र वाटे, ते आपल्या कपाळावर चाललंय.

फळी आली आणि लग्नाची भांडी घ्यायला मालनबाई आल्या. "शेठ, काही कम..." एवढंच म्हणाल्या. साठीपुढच्या गिऱ्हाइकाला गादीवर पाडायचं असा नियम होता. तो पाळला गेला. त्या उठल्या, पदर सावरला, "पोरं हाडापेरानं चांगली आहेत हो," म्हणाल्या आणि सांगितली ती किंमत मोजून गेल्या.

शेठ खूश झाले. सोमाला मात्र काम उरलं नाही. घासाघीसच नाही, तर "देऊन टाका" म्हणणार कधी? तो पडलेल्या गिऱ्हाइकाजवळ पाण्याचा तांब्या ठेवायचा, "लागलं नाही ना?" विचारायचा आणि परत दारात जाऊन बसायचा.

एका दुपारी तो पुढे आला. "दादा, मला जरा..."

रेवणशेठनी आधी गल्ल्याला कुलूप घातलं. वाटणी मागतोय! त्यांनी वेंडेलला खूण केली. सोमा आडवा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पाटावर, "दादा, मला..." वरणाची वाटी न सांडता त्याला पाडण्यात आलं. शेठांच्या बायकोला, पारूबाईंना, ते सहन होईना.

"अहो, काय म्हणतोय ते ऐकून तरी घ्या! सख्खा भाऊ आहे तुमचा, दारावर आलेली बोहारीण नव्हे."

"ऐकलं की द्यावं लागतं," रेवणशेठ म्हणाले आणि पोळी मोडली.

मग आठवड्याचा बाजार आला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, अकराच्या अकरा पुढे होते. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर पाहतात तो गोदामाचं मागचं दार सताड उघडं आणि तांब्या पुसून पालथा घातलेला. सोमानं दुकानातला चमचासुद्धा नेला नव्हता.

"मागे कुणी नव्हतं, शेठ," वेंडेल म्हणाला. "पहिल्या दिवशी बोललो होतो."

"बोलला होतास." शेठनी पालथा तांब्या सुलटा केला. "त्याला पाडताना तू जवळ असायचास. हवं काय होतं रे त्याला?"

"'मला' इथपर्यंत ऐकलं. पुढचं येऊ द्यायचं नाही, हेच आमचं काम."

पुढे कुणीतरी सांगितलं, सोमा कुर्डुवाडीला एका भांड्यांच्या दुकानात असतो. रेवणशेठ एस.टी.नं निघाले. शेठ जातील तिथे फळीनं जायचं असा करार होता, म्हणून अकरा जण गादीसकट उभ्यानं आले.

दुकानात एक बाई कढईवरून अडून बसली होती. मालक ऐकेना. ती उठली, तसा आतून ओळखीचा आवाज आला, "देऊन टाका, मालक. घरचंच माणूस आहे."

रेवणशेठचा हात नकळत कपाळाला गेला. पण इथं कपाळाला हात लावणारा दुसरा होता.

ते काउंटरला टेकले, आत डोकावले आणि म्हणाले, "सोमा, मला जरा..."

आणि ते आडवे झाले. वयाप्रमाणे गादीवर.

"माफ करा," वेंडेल वरून म्हणाला. "तुम्ही काउंटरच्या या, गिऱ्हाइकाच्या बाजूला होतात."

ते बरोबरच होतं, शेठनाही ते पटलं. आतून पावलं आली. पाण्याचा तांब्या त्यांच्या उशाशी ठेवला गेला.

"लागलं नाही ना?" सोमानं विचारलं आणि तो परत दारात जाऊन बसला.

रेवणशेठ पाणी प्यायले आणि शेवटच्या गाडीनं बार्शीला आले. दुकान चालू आहे, फळीही आहे. तुम्ही गेलात तर दिसेल.

तर मंडळी, एवढी मेहरबानी करा. घेतलं-दिलं सगळेच लिहितात. घरातल्या कुणाचं बोलणं अर्ध्यावर पाडलंत, तेही आपल्या नावे टाका. हिशेब खरा ठेवा.