गांगुर्डे सरांचे श्रीमंत आणि गरीब जंतू

वीज गेली की आमचे शेजारी गांगुर्डे सर बंडीच्या आतल्या खिशात काचेच्या नळ्या घालून फिरायचे. नाशकात तेव्हा भारनियमन जोरात, आणि सरांच्या जंतूंना लागायची अंगाएवढी ऊब. जंतू तरी कसले, गायीच्या गर्भाशयात राहून तिचा गर्भ पाडणारे परजीवी. असल्या मेल्यांना छातीशी धरायचं? पण कॉलेजातून निवृत्त होताना सरांनी ते घरी आणले, कुणी मांजर आणावं तसे.

अर्ध्या नळ्यांच्या खाण्यात ते लोह घालत. ते श्रीमंत. बाकीचे गरीब. गरिबांत चुकून लोखंडाचा कण जाऊ नये म्हणून सामाईक गॅलरीत मला विळीवर भाजी चिरायची बंदी होती. उद्या माझा तवाही जप्त कराल, असं मी म्हणायची.

सर समजावून सांगत. श्रीमंतांच्या पोटात शक्ती तयार करणारी इवलीशी भट्टी असते, तिच्यातून हायड्रोजन निघतो. लोह मिळालं नाही की भट्टी थंडावते. मग मरतात का? तर नाही. नुसती साखर मोडून थोडक्यात भागवतात, आणि त्यात दारू तयार होते.

आमच्या ह्यांनी लगेच विचारलं, मग दिंडोरीला वाइनसाठी एवढे द्राक्षांचे मळे कशाला हवेत? सर हसले नाहीत. प्रमाण फार कमी असतं, म्हणाले.

एक दिवसाआड ताजं खाणं द्यायचं, म्हणून सर कुठेच जात नसत. लग्न असो, बारसं असो, "माझी मंडळी उपाशी मरतील" हे ठरलेलं. बायको गेल्यापासून घरात एकटेच. मुलगा बंगलोरला. नातू चालायला लागला तरी सरांनी तो फोटोतच पाहिलेला.

मला राहवेना. दिवाळीआधी हट्टाने सगळं शिकून घेतलं आणि म्हटलं, आता नातवाला भेटून या, मी सांभाळते ह्या जंतूंना. सर म्हणाले, तुमच्या पदराच्या पिनेत लोखंड आहे. मी पिन काढून ठेवली. मग म्हणाले, तुमचा हात कापतो. मी काठोकाठ भरलेला चहाचा कप उचलून दाखवला.

खोड काढायला काही उरलं नाही, तसे सर नळी उजेडात धरून बघत बसले.

"वहिनी, बोलावणं यायला नको का?"

मी पिन परत पदराला लावली. मग म्हटलं, "सर, खरं सांगू? मला नाही जमायचं. माझ्या हातून मरतील."

"तेच म्हणतो मी," ते घाईघाईने म्हणाले. "त्यांचं माझ्यावाचून एक दिवस चालत नाही."