माल रोडवरचं भरीत

माकडटोपीतून नुसतं नाक दिसणारा माणूस रागावलाय की गारठलाय, हे बाहेरून ओळखता येत नाही.

पिशवीत वर लुगडी, खाली लुगडी, मध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेली वांगी.

शिमल्याच्या माल रोडवर थुंकायला मनाई आहे.

खान्देशात कापूस वेचून झाला की उपटलेल्या पऱ्हाट्या बांधावर पडून राहतात. भरीत भाजायला त्यातल्या चार काड्या उचलायच्या असतील, तर कोणी कोणाला विचारत नाही. विचारलंच तर मालकाला वाटतं, याने आपल्याला परकं ठरवलं.

नाक देवचंदनानांचं होतं. नाना धुळ्याचे, आणि जळगावजवळच्या पिंप्राळ्याच्या चुडामणभाऊंचे होणारे व्याही. येत्या वैशाखात भाऊंच्या लेकीचं, सुनंदाचं, नानांच्या मुलाशी लग्न ठरलं होतं. तेवढ्यात पिंप्राळ्यातून उत्तरेच्या यात्रेची बस निघाली आणि भाऊंना वाटलं, दोन्ही घरची माणसं एकत्र फिरली की सूत जुळेल. सत्त्याऐंशी सालच्या भर हिवाळ्यात व्याह्याला बर्फात न्यायची कल्पना त्यांची एकट्याची होती, हे त्यांच्या पत्नी कुंदाबाई वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला त्यांना ऐकवत होत्या.

कारण अंबाल्यापासून नाना बोलेनासे झाले होते. राजमा पुढे आला की ताट सरकवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. विहीणबाई द्रौपदाबाईंनी कुंदाबाईंना हळूच सांगितलं की यांना दुसरं काही नको, भरीत नसलं की यांचं असंच होतं. मागे एकदा सख्ख्या मेव्हण्याकडे भरीत मिळालं नाही, तर पुढची दोन वर्षं त्याच्या दारात पाय ठेवला नाही. हे कळल्यावर भाऊंच्या डोळ्यांपुढे वैशाखातला रिकामा मांडव उभा राहिला.

कुंदाबाईंनी पिशवीतली वांगी काढली.

त्यांचा लॉज ऐन माल रोडवर, इंग्रजांच्या काळातल्या लाकडी इमारतीत होता. आत विस्तव चालणार नाही म्हणून लॉजवाल्याने कोळशाची शेगडी बाहेरच्या पायरीवर आणून दिली. समोरून लोकरी कोट आणि गॉगलवाली माणसं फिरत होती. साहेबांच्या वेळची दुकानं, पितळी दिवे, वर चर्चचा मनोरा, आणि मध्ये कुंदाबाई पदर खोचून वांग्यांना तेल लावतायत. नाना आशेने खाली आले. शेगडीत डोकावले.

"कोयसावर?" ते म्हणाले. अंबाल्यानंतरचा हा त्यांचा पहिला शब्द होता. मग त्यांनी माकडटोपी आणखी खाली ओढली.

भरीत काड्यांच्या जाळावरच भाजायला हवं, हे ओळखून भाऊ लाकडं शोधायला निघाले. झाडं होती, पण सगळी बर्फाखाली ओली. चार दुकानं पलीकडे, भिंतीलगत त्यांना फळ्यांचा ढीग दिसला. लांबट, पुढून वर वळलेल्या. लोक येत, दोन फळ्या उचलत, दुकानदाराकडे न बघता निघून जात. बर्फावर घसरायच्या त्या फळ्या नेऊन लोक पुढच्या वळणावर फोटो काढत आणि परत आणून टेकवत, हे भाऊंना दिसलं नाही. त्यांना फक्त नेणारे दिसले. गाव कितीही थंड असलं तरी रीत आपल्यासारखीच आहे, हे पाहून त्यांना भरून आलं. नवीकोरी लाकडं उचलणं बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनी भिंतीवर वेगळी टांगलेली, रंग उडालेली जुनाट जोडी घेतली. गुडघ्यावर आपटताच ती काडकन मोडली. इतकं हलकं लाकूड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

जाळ छान लागला. वांगी सुरकुतली, सालं चरचरली आणि तो वास माल रोडभर पसरला. लोक थांबू लागले. नानांनी टोपी कानांच्या वर गुंडाळली. चक्क कपाळ दिसलं. कुंदाबाईंनी एक वांगं उलटवलं आणि नवऱ्याकडे पाहून या प्रवासात पहिल्यांदाच मान डोलावली.

त्याच वासाच्या मागोमाग दुकानदार आला. शेगडीतून बाहेर डोकावणारं वळलेलं टोक पाहून त्याने कपाळावर हात मारला. शिमल्यात बर्फावर घसरणाऱ्या पहिल्या साहेबाच्या त्या फळ्या, असं तो जमलेल्या माणसांना सांगू लागला. माणसं लांबून त्या बघायला येतात, त्याच्या आजोबांनी त्या जपल्या, वडिलांनी जपल्या. "अंग्रेज साहब की निशानी थी, भाईसाहब," तो म्हणाला आणि खरोखर डोळे पुसू लागला. गर्दीतल्या कोणीतरी पोलिसाचं नाव काढलं.

 पोलिसाचं भाऊंना एवढं वाटलं नाही. व्याह्यासमोर आपण चोर ठरलो, आता लग्न गेलं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. 

देवचंदनाना उठले. माकडटोपी काढून त्यांनी खिशात घातली आणि दुकानदार व भाऊ यांच्या मध्ये उभे राहिले.

"लाकडे मी लई उनू," ते म्हणाले. "हाऊ मना याही शे. त्याले काही बोलानं नही. जे बोलनं व्हई ते माले बोल."

नानांनी सगळा आळ स्वतःवर घेतला होता. दुकानदाराला त्या अहिराणीतलं अक्षरही कळलं नाही. पण असा आवाज कोणत्याही मुलखात कळतो. तो एक पाऊल मागे सरला. तेवढ्यात कुंदाबाईंनी वांगी सोलून, मिरची-लसूण ठेचून, वर शेंगदाणे पेरून, लॉजवाल्याच्या गरम पोळीवर भरिताचा गोळा त्याच्या हातात ठेवला. दुःखात माणूस नाही म्हणत नाही. त्याने खाल्लं. नाक पुसलं. दुसरी पोळी मागितली. मग गर्दीनेही हात पुढे केले आणि पोलीस कोणाला आठवला नाही.

दुकानदाराचं नुकसान कशाने भरून निघणार, हे भाऊंनी हात जोडून विचारलं. तो बराच वेळ बोटं चाटत विचार करत राहिला. तोडगा निघाला: दर हिवाळ्यात वांग्यांची एक टोपली जळगावहून शिमल्याला.

नाना शेवटी जेवले. पहिल्या घासाला सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ कमी शे," ते म्हणाले.

कुंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. माणूस नावं ठेवायला लागला म्हणजे घरचा झाला.

वैशाखात लग्न झालं. सुनंदाला पुढे दोन मुलं झाली, नानांना मधुमेह झाला, आणि चुडामणभाऊ दर डिसेंबरात स्टेशनवर जाऊन वांग्यांची टोपली बुक करत राहिले. टोपलीवर ते स्वतः टाके घालत आणि दर वेळी त्या साहेबाची मनातल्या मनात माफी मागत.

त्या फळ्या दुकानदाराच्या मेव्हण्याने त्या यात्रेच्या आदल्या उन्हाळ्यात सफरचंदाच्या खोक्यांपासून बनवल्या होत्या.