उद्घाटन न झालेली कुपी

एका जंगलात, बाळांनो, चक्क एक प्रयोगशाळा होती. हसताय काय? तुमच्या शाळेतही आहे, फक्त तिला कायम कुलूप असतं.

तिथं काटेबाई नावाची साळिंदरीण राबायची. तिनं सापाच्या विषावर उतारा शोधला होता. पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्यांची, पांढरी भुकटी, अगदी चिमूटभर. पण भलतीच नाजूक! उजेड सोसवत नाही, ऊब सोसवत नाही, ओल लागली की संपलीच. म्हणून बाईनं ती छोट्या छोट्या कुप्यांत भरून बर्फाच्या गुहेत, अंधारात ठेवली.

हे राजा आयाळरावांच्या कानावर गेलं. म्हणजे समारंभ आलाच!

"बाई, शोध असा कोंडून ठेवतात का?" प्रधान कोल्हा हांजीपंत म्हणाला. "आधी महाराज झाकण उघडतील, मग राणीसाहेब, मग सगळी प्रजा. शेवटी नारळाचं पाणी शिंपडू."

"अहो, वाटोळं होईल!" काटेबाई कळवळली. "गार कुपी नुसती गरम हवेत उघडली तरी आत दव धरतं. आणि तुम्ही पाणी शिंपडताय?"

"शुभ असतं ते."

आता दगडावर कोण डोकं आपटणार? बाईनं चांदीच्या डबीत तांदळाची पिठी भरून दिली. हत्तीवरून डबीची मिरवणूक निघाली. ज्यानं त्यानं झाकण उघडून बोट कपाळाला टेकवलं. माकडांनी तर चाटूनही पाहिलं. पिठी गेली तर गेली, कुप्या वाचल्या, म्हणून बाई खूश होती.

आणि आयाळरावांना नाग चावला.

काटेबाई कुपी घेऊन धापा टाकत आली. "महाराज, खरं औषध हे! डबीत पिठी आहे, मीच भरली. नंतर हवं तर फासावर द्या, पण आधी हे घ्या!"

महाराजांनी कुपीकडे पाहिलं. ना हार, ना कुंकू.

"हांजीपंत, हिचं उद्घाटन झालंय?"

"नाही, महाराज."

"मग डबीच आणा."

उरलीसुरली पिठी मोठ्या श्रद्धेनं पोटात गेली. काटेबाई ढसाढसा रडली. राजा कसाही असो, औषध हातात असताना त्याला मरताना बघवत नाही हो.

अंत्ययात्रेला दूरदूरचे राजे यायचे होते. तोवर महाराजांना बर्फाच्या गुहेत, कुप्यांच्या शेजारी ठेवलं. हांजीपंतानं स्वतः दारावर पाटी लावली: 'उजेड, ऊब, ओल लागू देऊ नये. वारंवार उघडू नये.'

तात्पर्य: साठवणुकीचे नियम सगळ्यांना समजतात, बाळांनो. फक्त आधी कुणीतरी मोठं मरावं लागतं.