उरेब पेरलेली फुलं

मला लिहायची हौस नाही. सून मागे लागली, बाबा, ते फुलांचं लिहून काढा, लोक हसतील. लोकांना हसवायला मी रिकामाच बसलोय ना. (बसलोय खरा, पण ते तिने बोलायचं नव्हतं.)

आमच्या परसात ऊन येतं ते एकाच पट्ट्यात, आणि तिथेच बायकोची कपडे वाळवायची दोरी. मला तिथे खुर्ची टाकून, फुलांकडे बघत गुडघे शेकायचे होते. जन्मभर मशीनवर वाकलेला शिंपी मी, एवढं मागणं जास्त नव्हतं. बायको म्हणाली, या मोसमात फुलं आली तर पट्टा तुमचा. नाहीतर दोरी परत येणार, आणि पुन्हा उन्हाचं नाव काढायचं नाही.

बियाणंवाल्याने सांगितलं, ही फुलं चिवट असतात, थंडीला भीत नाहीत, थेट मातीत पेरा. फक्त रांगेत पेरा, म्हणजे रांगेतलं ते फूल आणि बाहेरचं ते तण, एवढं कळेल. मी दोन खुंट्यांना सुतळी ताणली. कापड तिरपं धरून कापतात त्याला आम्ही उरेब म्हणतो. तशी उरेब, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. रांग लांब होते, फुलं जास्त मावतात. सुतळीखाली बी पेरलं आणि आत जाऊन झोपलो.

मी घोरत असताना बायकोचा भाऊ येऊन गेला. तो गवंडी. तिरकी रेघ दिसली की त्याच्या पोटात दुखतं. त्याने खुंट्या उपटून सुतळी भिंतीला धरून सरळ लावली, चहा प्यायला आणि चालता झाला. कुणाला एक शब्द नाही. मला चष्म्यातून सुतळी सुतळीसारखीच दिसली.

कोंब आले. सुतळीखालचे जपले, बाकीचे उपटायला बसलो. बघतो तर तणसुद्धा ओळीने उगवलेलं. बायकोला हाक मारून दाखवलं, म्हटलं, बघ, तणालाही शिस्त आली, तुझ्या माहेरच्यांना काही येत नाही. आणि ती ओळ मुळासकट उपटून टाकली.

सुतळीखालचं मात्र फोफावलं, कमरेला लागलं. फूल काही येईना. शेवटी एक फांदी बियाणंवाल्याला नेऊन दाखवली. त्याने ती उलटसुलट केली.

“आजोबा, शेळी पाळलीत का?”

घरी येऊन नीट बघितलं, तर सुतळी उरेब नव्हती, सरळ होती, आणि अशी सरळ करणारा एकच, मेहुणा; त्याला बोलावून घेतलं.

“सुतळी तू हलवलीस?”

“हलवली नाही भावोजी, सरळ केली.”

“माझी फुलं गेली त्यात.”

“फुलं तुम्ही उपटलीत. मी नुसती रेघ नीट केली. बघवत नव्हती हो.”

बायको म्हणाली, बरोबर बोलतोय तो. मोसम सरला होता. दोरी परत आली, ती बांधलीही त्यानेच, अगदी सरळ. आता मी उन्हात बसतो तेव्हा माझ्याच पायजम्याचं पाणी माझ्याच टकलावर ठिबकतं. आणि माझी माफी मागायचा अजून राहिलाय तो, माझ्या बायकोचा गवंडी भाऊ.