अडतीस टक्के टिपणीस

"राष्ट्रपती कोण व्हावा, हे ठरवण्याचा अंतिम अधिकार या देशात फक्त आणि फक्त जनतेचा आहे," असं मुरलीधर पोंक्षे यांनी उजवा हात उंचावून जाहीर केलं, आणि पुढच्याच पावलाला ते डाव्या पायाने गुडघ्यापर्यंत गटारात गेले.

भालचंद्र टिपणीसांनी त्यांना काखेत हात घालून वर काढलं. या कामात त्यांचा हात आता चांगलाच बसला होता. फरीदाबादच्या त्या सेक्टरात, त्यांच्या फाटकासमोरच्या मॅनहोलचं लोखंडी झाकण कुणीतरी भंगारात घातल्यापासून त्यांनी दूधवाला, विम्याचा एजंट, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले एक सद्गृहस्थ आणि खुद्द त्यांच्या पत्नी लताबाई यांना असंच वर काढलं होतं. लताबाईंचा घोटा तेव्हापासून दुखतो तो दुखतोच. आता टिपणीसांना धास्ती होती ती अबोलीची. नात रोज सकाळी दप्तरासकट त्या भोकावरून उडी मारून शाळेच्या व्हॅनमध्ये चढायची. त्या क्षणी टिपणीस डोळे मिटून घ्यायचे आणि व्हॅनचं दार आपटल्याचा आवाज आला की उघडायचे.

टिपणीस केंद्र सरकारच्या एका खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते, त्यामुळे अर्ज कसा करायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पालिकेचं उत्तरही त्यांच्या तोडीचंच आलं होतं. 'अभिलेखानुसार सदर झाकण जागेवर आहे. जागेवर असलेल्या झाकणाच्या जागी झाकण बसवण्याची तरतूद नाही.' हे वाक्य वाचून टिपणीसांना संताप आला, आणि थोडा मत्सरही वाटला. नोकरीत असताना त्यांना स्वतःला इतकं निर्दोष वाक्य कधी जमलं नव्हतं.

"पाय धुऊन घे," ते अंगणातला नळ सोडत म्हणाले, "आणि मुरलीधर, सवडीनं राज्यघटनाही उघडून बघ. राष्ट्रपतींना खासदार-आमदार निवडतात. तुला-मला कोण विचारतो?"

"आम्ही विचारतो, काका!" मुरलीधर पाय चोळत म्हणाले. "तोच तर आमचा धंदा."

टिपणीसांच्या एका जुन्या मित्राचे हे चिरंजीव गुडगावला एका पाहणी कंपनीत संशोधन प्रमुख होते. जिथे कालपरवापर्यंत मोहरी डोलत होती, तिथे आता निळ्या काचांची सात मजली इमारत होती आणि तिच्या पाचव्या मजल्यावरून देशाची नाडी बघितली जायची. आजवर ती साबण, कुकर आणि बनियन यांच्याबाबतीतच बघितली गेली होती. पण नुकतीच एका नव्या वाहिनीने चोवीस तास बातम्या देण्याची घोषणा केली होती. देशात रोज चोवीस तास पुरतील एवढ्या बातम्या घडत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं तोवर परवाना हातात पडला होता. तेव्हा राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीआधी जनमत चाचणी करायची ठरली.

"पण जनता मतच देणार नाही, तर जनमत काय कामाचं?"

"अहो, तीच तर गंमत. लोकसभेचे अंदाज आम्ही सांगतो आणि मतमोजणीच्या दिवशी तोंड लपवत फिरतो. इथे जनता मतदानच करणार नाही, मग आमचा अंदाज खोटा ठरवणार कोण? शंभर टक्के बिनचूक सर्वेक्षण! आमचे साहेब तर एकदम खूश आहेत." मुरलीधरांनी आवाज खाली आणला. "फक्त एक अडचण आहे. खरे उमेदवार तीन. मला चौथा पाहिजे. नसलेला."

हे त्यांच्या धंद्यातलं जुनं कसब होतं. लोक खरं बोलतात की नाही ते तपासायला खऱ्या मालाच्या नावांत एक खोटं नाव मिसळायचं. मागच्या साबणाच्या पाहणीत त्यांनी 'निर्झरा' नावाचा, जगात कुठेही नसलेला साबण घातला होता. अकरा टक्के लोकांनी आपण तोच वापरतो असं सांगितलं. चार टक्क्यांची तक्रार होती की हल्ली त्याला पूर्वीसारखा फेस येत नाही.

"मग घाल की एखादं नाव," टिपणीस म्हणाले.

"तुमचं घालू? अगदी चपखल बसतं बघा. तुम्हाला कुणी म्हणजे कुणीच ओळखत नाही."

"मी पस्तीस वर्षं दिल्लीत काढली आहेत, मुरलीधर."

"तेच म्हणतोय मी! पस्तीस वर्षं दिल्लीत काढून कुणी ओळखत नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही."

टिपणीसांना हा बहुमान पेलायला जरा वेळ लागला. तेवढ्यात खिडकीतून लताबाईंचा आवाज आला. "त्याला म्हणावं, नाव घाल, पण आधी झाकण घाल."

"बिल्कुल, काकू! इथल्या पालिकेच्या प्रशासक साहेबांचं कामही आमच्याच कंपनीकडे आहे. मी शब्द टाकतो."

अशा रीतीने, एका झाकणाच्या आशेवर, भालचंद्र टिपणीस देशाच्या सर्वोच्च पदाच्या शर्यतीत उतरले.

पंधरवड्याने मुरलीधर आले ते गटाराला वळसा घालून, हळूच. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, पुन्हा पाणी प्यायले.

"काका, तुम्ही पहिले आलात."

"कशात?"

"देशात. अडतीस टक्के. बाकीच्या तिघांना जनता ओळखते, त्यामुळे त्यांचं काही खरं नव्हतंच. तुमच्याबद्दल मात्र कुणाला काहीच वाईट ठाऊक नाही. 'स्वच्छ प्रतिमा' यात तुम्हाला सगळ्यांत जास्त गुण. सहा टक्क्यांनी तुमचं भाषण समोर बसून ऐकलंय."

"मी आयुष्यात एकच भाषण केलं. निरोप समारंभाला. तेही अर्ध्यावर वीज गेली."

"आणि तीन टक्के तुमच्यावर नाराज आहेत. म्हणतात, मागच्या वेळी निवडून आल्यावर इकडे फिरकले नाहीत."

नियम असा होता की शेवटी खोटं नाव गाळून टाकायचं. मुरलीधरांनी ते गाळलंही होतं. पण त्यांचे साहेब राजीव मल्होत्रा विलायतेत व्यवस्थापन शिकून आले होते. ते म्हणाले, "यार पोंक्षे, जो जीत रहा है वो डमी कैसे हुआ? डमी तो बाक़ी तीन हैं।" आघाडीवरच्या उमेदवाराला वगळणं हा जनतेचा विश्वासघात ठरेल, अशी टिप्पणी करून त्यांनी आकडे वाहिनीकडे धाडले.

वाहिनीला फोटो हवा होता. महाराष्ट्र मंडळ दर संक्रांतीला काला अंबला बस नेतं, पानिपतच्या वीरांना वंदन करायला. त्या सहलीच्या एका फोटोत टिपणीस स्मारकाशी उभे होते. हातात पुरीभाजीचा द्रोण होता. वाहिनीने द्रोण कापला आणि स्मारक ठेवलं. रात्रीच्या बातम्यांत निवेदिकेने गंभीर चेहऱ्याने देशाला विचारलं, "पानिपत की रणभूमि से टिपणीस का क्या रिश्ता है?" त्यावर दोन इतिहासतज्ज्ञांची अर्धा तास चर्चा झाली. शेवटी एकाने दुसऱ्याला टिपणीसांच्या खापरपणजोबांचा अपमान केल्याबद्दल माफी मागायला लावली.

मग मंडळ कसं गप्प बसणार? अध्यक्ष गुलाबराव निंबाळकर पेढे घेऊन धावत आले. याच गुलाबरावांनी गेल्या संक्रांतीला टिपणीसांना बसमध्ये मागच्या चाकावरची सीट दिली होती.

"टिपणीससाहेब, पानिपतावर जे गेलं ते तुम्ही परत आणणार! राष्ट्रपती भवनावर मराठी माणूस!"

"गुलाबराव, ते खोटं नाव होतं हो. मुरलीधरला विचारा."

"हाच तो विनय!" गुलाबरावांचे डोळे भरून आले. आठवड्याच्या आत कोपऱ्यावर प्लायवूडची एक भव्य कमान उभी राहिली. तिच्यावर टिपणीसांचा वीस फुटी चेहरा होता. रंगाऱ्याने आपल्या मनाने त्यांना मिशा दिल्या होत्या.

राजकीय पक्षही झोपलेले नव्हते. एका पक्षाने टिपणीसांचं नाव विचाराधीन असल्याचं सांगितलं. दुसऱ्याने ते आपणच आधी सुचवल्याचा दावा केला. तिसऱ्याचे प्रवक्ते म्हणाले की टिपणीसांशी आमचे मतभेद आहेत, मनभेद नाहीत. टिपणीसांनी एका वार्ताहराला शपथेवर सांगितलं की मी उमेदवार नाही. दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'टिपणीस यांचा इन्कार. मुत्सद्देगिरीचा उत्तम नमुना'. लोकप्रियता त्रेचाळीसवर गेली.

आणि एवढ्या काळात एकाही माणसाने गटाराकडे पाहिलं नाही. वार्ताहर पडले, छायाचित्रकार पडले, एक प्रवक्ता पडला. प्रत्येकाने उठून कपडे झटकले आणि इकडेतिकडे पाहून हसत विचारलं, "टिपणीसजी का घर यही है ना?"

टिपणीसांना मात्र आता वाटू लागलं होतं की एवढ्या धुळवडीतून एक झाकण निघायला हरकत नाही. संधी आपल्या पायांनी चालत आली. एके दिवशी खुद्द प्रशासक साहेब पुष्पगुच्छ घेऊन हजर झाले. लाल दिव्याची पांढरी गाडी बरोब्बर फाटकासमोर उभी राहिली.

"हुकूम करें सर। देश को आपसे बहुत आशा है।"

"मला फक्त एक झाकण पाहिजे," टिपणीस भावनेच्या भरात मराठीत बोलून गेले, मग सावरून म्हणाले, "बस, मैनहोल का एक ढक्कन।"

"कौन सा मैनहोल?"

"ये सामनेवाला।"

साहेब व्हरांड्यात आले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "यहाँ तो कोई मैनहोल नहीं है।"

"आपकी गाड़ी उसी पर खड़ी है।"

"तब तो वो ढका हुआ है," साहेब समाधानाने म्हणाले.

गाडी मागे घ्यायची तर चालकाला विचारावं लागलं असतं, आणि चालक गुलाबरावांचे पेढे खात होता. तरी टिपणीसांनी नेट धरला. साहेबांनी विचार करून मार्ग काढला. आता काळ बदलला होता, उदारीकरण आलं होतं. एका माणसाच्या अर्जावर चालणारं सरकार इतिहासजमा झालं होतं. जनतेची मागणी किती टक्के आहे ते बघू. सर्वेक्षण करू. कंपनी ठरलेलीच होती.

टिपणीसांना हायसं वाटलं. सबंध सेक्टर त्या भोकाला ओळखून होता. निम्मा सेक्टर तर त्यांनी स्वतःच्या हाताने वर काढला होता.

अहवाल मुरलीधरांनी आणून दिला, आणि या खेपेला त्यांनी पाणीही मागितलं नाही.

'आपल्या रस्त्यावरील झाकणाबाबत आपण किती समाधानी आहात?' असा प्रश्न होता. एकाहत्तर टक्के समाधानी होते. चौदा टक्के अत्यंत समाधानी होते. आठ टक्क्यांचं म्हणणं होतं की झाकण ठीक आहे, पण आधीचं जास्त मजबूत होतं. एकाने रंग बदलण्याची सूचना केली होती. झाकण नाही, असं सांगणारे अर्धा टक्कासुद्धा भरले नाहीत, म्हणून त्यांना 'माहीत नाही' या गटात टाकलं होतं.

"अरे, पण झाकण नाहीये!" टिपणीस ओरडले. "प्रश्न असा कसा विचारलास?"

"काका, कार्यालयाच्या नोंदीत झाकण आहे. नसलेल्या झाकणाबद्दल प्रश्न मंजूर झाला नसता."

"माणसं डोळे मिटून कशी उत्तरं देतात? कोण आहेत ही माणसं?" टिपणीस आत वळले. "लता, तुझ्याकडे आला होता का कुणी विचारायला?"

लताबाई घोट्याला तेल चोळत होत्या. "आला होता ना. दुपारी. कुकर लावलेला, शिट्टी व्हायला आली होती. तो आपला विचारतोय, झाकण कसं आहे, झाकण कसं आहे. म्हटलं, छान आहे बाबा, जा आता."

"छान आहे? तुझा पाय मोडला त्याच्यात!"

"ओरडू नका. तुम्हाला नव्हता का विचारायला आला, राष्ट्रपतीच्या वेळी? मी आतून ऐकत होते. भालचंद्र टिपणीस या व्यक्तीबद्दल आपलं काय मत आहे? तर तुम्ही म्हणता, माणूस चांगला आहे असं ऐकून आहे!"

मुरलीधरांनी छताकडे पाहिलं. टिपणीसांनी जमिनीकडे.

यथावकाश निवडणूक झाली. खासदार आणि आमदारांनी मतं दिली, आणि तिघांपैकी ज्यांचं आधीच ठरलं होतं ते राष्ट्रपती झाले. टिपणीसांना एकही मत पडलं नाही. वाहिनीने 'जनतेचा कौल पायदळी' असा तासाभराचा कार्यक्रम केला आणि दुसऱ्या दिवशी क्रिकेट सुरू झालं. पक्षांना टिपणीस आठवेनासे झाले. लाल दिव्याची गाडी पुन्हा आली नाही, त्यामुळे भोक उघडंच राहिलं. अबोली उड्या मारतच राहिली. "आजोबा, ढक्कन कब लगेगा?" ती व्हॅनमधून ओरडायची. 'झाकण' हा शब्द घरात इतक्या वेळा उच्चारला गेला होता, तरी तिच्या तोंडी बसला नव्हता. ज्या गोष्टीला कुणी पाहिलेलंच नाही, तिचं नाव तरी मुलांच्या लक्षात कसं राहावं?

शेवटी टिपणीसांनी गुलाबरावांना फोन लावला. ती कमान फेकू नका, तिचा एक तुकडा द्या, म्हणाले. माझ्या चेहऱ्यातला कुठलाही चालेल, मिशीचासुद्धा.

"अहो, ती गणपतीच्या मखराला गेली," गुलाबराव म्हणाले. "बाकी, कोण बोलतंय?"

तर वाचकहो, भालचंद्र टिपणीस हे नाव वाचताना तुम्हालाही ते कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलंच असेल. माणूस चांगला, हेही आठवत असेल. एवढी ओळख आहेच, तर एक करा. फरीदाबादकडे येणं झालं, की घरातली एखादी जुनी फळी घेऊन या. दोन फूट बाय दोन फूट पुरे.